वीरगळ टाळून जाणारी वाट

सैन्यात दाखल होण्याआधीचा मुलीचा हा शेवटचा रविवार, म्हणून नदीकाठच्या भटकंतीचा नकाशा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढत बसलो होतो. पूल, देवराई, लढाईत पडलेल्या कुणाचा तरी वीरगळ, पडकी गढी आणि फिरून पुन्हा पूल. डबा वीरगळापाशी खायचा, तिथे सावली छान आहे.

"काय कोरलंय त्या दगडावर?" कणीक मळता मळता बायकोने विचारले.

असे कुणी विचारले की मला आवरत नाही. गावची गुरे पळवणाऱ्यांशी लढलेला तो माणूस मी सगळा रंगवून सांगितला. पोटात घुसलेला भाला, खांद्यापासून तुटलेला हात, छातीवर आलेले घोड्याचे खूर. वरच्या भागात अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, हेही सांगितले.

"बाबा, पुरे," मुलगी हळूच म्हणाली.

बायकोने कणकेच्याच बोटाने नकाशावरचा वीरगळ पुसून टाकला. एवढा दगड कोरवून घेणाऱ्या गावाने त्या माणसाच्या आईला काही विचारले होते का, कुणास ठाऊक.

मी रानातून लांबचा वळसा काढला. चालणे तासाभराने लांबले. माझ्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.