पायरी सहावी: वरून पहिला

आमच्या शाळेच्या संगणकखोलीत, फळ्याशेजारच्या खिळ्याला लॅमिनेशन केलेला एक कागद टांगलेला असायचा. तो मी लिहिलेला होता, आणि सुट्टीत गावी गेलो की काहीतरी निमित्त काढून मी तो बघून यायचो.

मी बेळगावात नोकरी करतो. उरलेल्या वेळात एका ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमची मराठी माहितीपानं सांभाळतो. ही सिस्टिम कुणा कंपनीची नाही. देशोदेशीचे लोक मिळून ती बनवतात, आणि कुणीही ती वापरू शकतं. कॉलेजात मला मिळालेला पहिला संगणक भंगारात निघालेला होता आणि त्याच्यावर फक्त हीच सिस्टिम चालायची. माझं शिक्षण तिच्यावर झालं. आपणही काही परत द्यावं, म्हणून मी पानं लिहायला लागलो. वर्षातून एक-दोनदा नवी आवृत्ती येते, मग प्रत्येक पान वाचून बदललेलं दुरुस्त करायचं, एवढंच माझं काम.

सिस्टिम संगणकावर कशी घालायची, ते पान सगळ्यांत जास्त वाचलं जायचं. शाळेतला कागद म्हणजे ह्याच पानाची छापील प्रत. त्याच्या सहाव्या पायरीवर पडद्यावर दोन पर्याय येतात. एकात तुमच्या फाईल्स तशाच राहतात आणि नवी आवृत्ती बसते. दुसऱ्यात सगळी डिस्क पुसली जाते. मूळ इंग्रजी पानावर या पर्यायांची नावं लिहिली होती. पण पडद्यावर ती इंग्रजीतच दिसणार, आणि मला आमच्याकडची माणसं आठवली. बँकेचा फॉर्म भरताना आम्ही असंच सांगतो, वरून दुसऱ्या चौकोनात नाव, खाली उजवीकडं सही. आईला फोनही मी असाच शिकवला होता. जागा सांगितली की माणूस घाबरत नाही. म्हणून मी लिहिलं, ‘वरून पहिला पर्याय निवडा आणि एंटर दाबा.’ तेव्हा पहिला पर्याय फाईल्स राखणारा होता.

नव्या आवृत्तीत ह्या दोन पर्यायांचा क्रम उलटा झाला. नावं तीच राहिली. त्यामुळं इंग्रजी पानात काहीच बदलावं लागलं नाही, आणि कामाच्या यादीत त्या पानापुढं ‘बदल नाही’ असंच आलं. मी इंग्रजी पान वाचलं, माझं वाचलं, आणि ‘तपासलं’ म्हणून खूण केली. स्वतः करून मात्र बघितलं नाही.

ते बघितलं खंडेनवमीला सकाळी. पूजेला मांडण्याआधी जुना लॅपटॉप पुसत होतो. वाटलं, ह्याच्यावर नवी आवृत्ती घालूया आणि मग हळद-कुंकू लावूया. माझंच पान समोर ठेवून एकेक पायरी करत गेलो. सहाव्या पायरीला, पडद्याकडं न बघता, वरून पहिला. थोड्या वेळानं लॅपटॉप कोरा होऊन उघडला. त्यात महत्त्वाचं काही नव्हतं. पण तेवढ्यात मला शाळेतला कागद आठवला.

आमचं गाव खानापूरच्या पुढं, रानाच्या कडेला. तिथल्या शाळेत ज्या बाईंनी मला शिकवलं, कॉलेजचा पहिला फॉर्म ज्यांनी स्वतः भरून दिला, त्या अजून तिथंच आहेत. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरला वाळवी लागली होती. कोण कधी शाळेत आलं, जन्मतारीख काय, जात काय, हे सगळं त्याच एका वहीत. दाखल्यासाठी लोक अजून तिथं येतात. बाईंनी दोन वर्षं बसून ते अख्खं रजिस्टर संगणकात उतरवलं होतं. आणि आठच दिवसांपूर्वी नवी आवृत्ती असलेला पेनड्राइव्ह मीच त्यांना पाठवला होता. “दसऱ्याच्या मुहूर्तावर घालू,” त्या फोनवर म्हणाल्या होत्या. “तुझा कागद हाय की भिंतीला.”

आधी मी पान दुरुस्त केलं. परदेशात राहणारी एक मराठी सहकारी आमची पानं तपासते. तिनं तासाभरात मंजुरी दिली. सोबत एक प्रश्न होता, साधाच. पर्यायाचं नाव का लिहिलं नव्हतं? जगासाठी पान बरोबर झालं होतं. भिंतीवरचा कागद मात्र तसाच होता.

बाईंचा फोन लागेना. आईला लावला.

“आई, शाळेत जाऊन बाईंना सांग, कंप्युटरला हात लावू नका म्हणावं.”

“आज खंडेनवमी रं. पूजा केलेल्याला आज कोण हात लावतंय?”

“तरी पण सांग.”

“सकाळीच पूजा करून, खोलीला कुलूप घालून गेल्यात त्या. उद्या तू येतोस न्हवं? तवा सांग की. कंप्युटर काय पळून जातोय व्हय?”

खरंच होतं. आमच्याकडं नांगर असो, शिलाई मशीन असो, पुजलेलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलत नाही. ह्या एका रिवाजावर मी तो दिवस काढला. बाई भाविक आहेत, हे मनाशी किती वेळा म्हटलं असेल. नवं पान छापून आणलं, ते चार वेळा वाचलं, पाचव्यांदा वाचताना त्यातही चुका दिसायला लागल्या.

दसऱ्याला पहिल्या बसनं खानापूर गाठलं. पुढची बस उशिरा सुटली. कंडक्टर झेंडूची माळ ड्रायव्हरच्या आरशाला बांधत होता, ती नीट बसेना. मला त्याच्या हातातून ओढून घ्यावीशी वाटली.

शाळा उघडी होती. बाई पायरीवर आपट्याची पानं निवडत बसल्या होत्या.

“सोनं द्यायला सांजचं यायचं असतं रं. तू सकाळीच?”

“बाई, ते नवं अजून घातलं नाही ना?”

“घातलं की!” त्या हसल्या. “परवाच घातलं. पुजलेल्या मशिनीला दुसऱ्या दिवशी पुसायचं, बदलायचं, बरं दिसतं व्हय? म्हणून म्हटलं, आधी नवं घालावं, मग पुजावं. काय सुदिक अडलं न्हाय बघ. झालं की लगीच बंद करून ठिवलं. लई सोपं लिवलास.”

आत तो संगणक झेंडूच्या माळेत होता. पडद्याच्या कडेला कुंकवाची पाच बोटं उमटली होती. भिंतीवर माझा कागद होता, सहावी पायरी नखानं अधोरेखित केल्यासारखी.

“बाई, रजिस्टरची दुसरी प्रत कुठं ठेवलीय?”

“ह्यातच. दुसऱ्या फोल्डरात. तूच सांगितलतंस, एक प्रत ठेवा म्हणून.”

मग मी सांगितलं. सहावी पायरी, पहिला आणि दुसरा, मी न बघता केलेली खूण, सगळं. बाईंनी पुरतं ऐकून घेतलं. पोरं चुकीचं उत्तर देत असताना त्या अशाच थांबायच्या.

“दोन वर्षं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि मी कागदावर बोट ठेवून केलं रे. एकेक पायरी.”

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

संगणक पूजेनंतर कुणी चालू केला नव्हता, त्यामुळं पुसलेल्या जागेवर आणखी काही लिहिलं गेलं नव्हतं, एवढंच नशीब. मी डिस्क काढून बेळगावला नेली. नवी सिस्टिम जिथं बसली होती तिथलं गेलं, बाकीचं तुकड्यातुकड्यांनी परत आलं. साधारण निम्मं रजिस्टर मिळालं. सुट्टीचे उरलेले दिवस मी शाळेतच बसलो. बाई कपाटातली मूळ वही उघडायच्या, ब्रशनं माती झाडायच्या आणि वाचायच्या. मी टाइप करायचो. आधी टाइप झालेली काही पानं आता उघडताना हातातच मोडत होती. तिथं आम्ही मोकळी ओळ सोडत गेलो. माझ्या वडिलांची नोंद सापडली. तिसरीतून शाळा सोडली, कारण ‘घरकाम’. जन्मतारखेच्या जागी भोक होतं. बाईंनी वही उजेडाला धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, “मोकळी सोड. अंदाजानं लिवायचं न्हाय.”

शेवटच्या दिवशी मी जुना कागद काढून नवा लावला. त्यात पर्यायांची नावं पडद्यावर दिसतात तशी, खाली मराठीत अर्थ.

“तारीख घाल,” बाई म्हणाल्या. “औषधाच्या बाटलीला असत्या तशी. कधीपतोर चालंल ती.”

मी पेनानं घातली. आता माझ्या प्रत्येक पानाच्या माथ्याला ती असते. कुठल्या आवृत्तीसाठी, आणि कधी स्वतः करून बघितलं.

खोलीला कुलूप लावताना बाई थांबल्या. “आणि ते झेरॉक्स?”

“कुठले झेरॉक्स?”

“मागं मास्तरांच्या मीटिंगमध्ये तुझा कागद सगळ्यांस्नी आवडला. पाच-सा जणांनी काढून नेला. गावातला पोरगा म्हणून मीच सांगितलतं.”

त्यांनी आठवून आठवून शाळांची नावं सांगितली. मी ती जुन्या कागदाच्या मागं लिहून घेतली, शेवटच्या नावापाशी त्या अडखळल्या. चार शाळांत फोन लागला. पाचव्या शाळेत उद्या जाणार आहे. सहावी शाळा कुठली, ते बाईंना अजून आठवत नाही.