सातवा डबा

अफगाणिस्तानात हेल्मंदला जायची ऑर्डर मंगळवारी सकाळी साडेआठला हातात पडली. मी तेव्हा ब्रिटिश आर्मीत शेफ होतो, रँक लान्स कॉर्पोरल. दुपारी लंडनजवळ पिनरला आईला फोन केला. ती आधी रडली. मग नाक ओढत म्हणाली, "तिथं बीफ शिजवावं लागेल का रे?"

"इथंही शिजवतोच की, आई."

"शिजव. पण तोंडात घालायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. लढाईवर निघालेल्या मुलाकडून बाकी कोणतं वचन घ्यावं हे तिला सुचलं नसावं, आणि मलाही ते बरंच वाटलं. निदान पाळता येण्यासारखं होतं.

गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाला स्टॅनमोरच्या एक ताई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आर्मीत ते कॉर्न्ड बीफ देतात ना? त्यात मका असतो का हो?" टेबलावर सगळे हसले. मी दोन मिनिटांत उत्तर देऊन टाकलं आणि पुढचं गिळलं. ते इथं लिहितो आहे.

मका नसतो, कॉर्न म्हणजे इथं मिठाचे जाडे खडे. जाड्या मिठात मुरवलेलं गोमांस असतं. डब्यातलं भरडून, चरबीसकट दाबून भरलेलं असतं. डबा एका टोकाला निमुळता, आणि बाजूला एक छोटी किल्ली चिकटवलेली. किल्लीत पत्र्याची पट्टी अडकवून फिरवत न्यायची, की डबा उघडतो. सुपरमार्केटच्या डेली काउंटरवर, म्हणजे तयार मांस-चीजच्या विभागात, मिळतं ते मोठ्या ठोकळ्यातून मशीनवर कापलेलं. पातळ चकत्या, चरबी कमी, आकार सोडत नाहीत. सँडविचला चकती उत्तम. पण हॅश करायचा, म्हणजे बटाटा, कांदा आणि हे मांस परतून खाली खरपूस पापुद्रा आणायचा, तर डब्यातलंच लागतं. त्याची चरबी सुटते आणि बटाट्याला धरते. चकत्या नुसत्या वळतात आणि चामड्यासारख्या होतात. दुसरी गोष्ट, डबा उघडण्याआधी चार तास फ्रिजमध्ये हवा. गरम डब्यातला ठोकळा सरळ बाहेर येत नाही, पत्र्याला चिकटतो.

आमच्या बेसवर, म्हणजे गस्तीच्या छोट्या तळावर, फ्रिज नव्हता. मातीच्या भिंतींच्या आत आम्ही एकतीस जण, दोन गॅसचे बर्नर आणि ताडपत्रीखाली माझं किचन. सावलीत पंचेचाळीस डिग्री. पहाटे साडेचारला चहा, सहाला नाश्ता, संध्याकाळी साडेपाचला गरम जेवण. लोकांना वाटतं शेफ मागं सुरक्षित बसून बटाटे सोलतो. तिथं मागं असं काही नव्हतंच. बेसच्या चारही कोपऱ्यांना वाळूच्या पोत्यांची एकेक पहाऱ्याची चौकी होती, तिला सँगर म्हणत. पहाऱ्याच्या पाळीला स्टॅग. माझी स्टॅग रोज दुपारी तीन ते पाच, सँगर टू, उत्तरेकडची.

शिवाय मी स्ट्रेचरवाला होतो. दुसऱ्या आठवड्यात रस्त्यात पुरलेला बॉम्ब आमच्या गस्तीच्या तुकडीखाली फुटला. दोघांचे मिळून तीन पाय गेले. मेडिकने मला एक बूट उचलून आणायला सांगितलं. मी बटाट्याच्या पोत्यात घालून आणला. तो जड होता, कारण आत पाय होता. त्या संध्याकाळी मी पास्ता केला आणि सगळ्यांनी खाल्ला.

लान्स कॉर्पोरल डॅनी तिथंच माझा मित्र झाला. कॉव्हेंट्रीचा, वय सव्वीस, अखंड तोंड चालू. मी बीफ चाखत नाही हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्याने स्वतःची नेमणूक चाखणारा म्हणून करून घेतली. तिसऱ्या आठवड्यात किचनचे ग्लोव्ह्ज संपले. तेव्हापासून मी मांसाला हातही लावत नव्हतो, सगळं काट्याने आणि सुरीने. शपथ फक्त खाण्याची होती. न शिवण्याचा आगाऊपणा माझा स्वतःचा.

"शेफ, चावणार नाही ते," डॅनी म्हणायचा. "मेलंय."

आई दर महिन्याला पार्सल पाठवायची, त्यात गोडा मसाला असायचा. एकदा मी चमचाभर हॅशमध्ये टाकला. डॅनीने घास घेतला आणि डोळे मिटले.

"हे काय आहे?"

"माझ्या आईचा मसाला."

"मी तुझ्या आईशी लग्न करतो."

"बाबांना विचारावं लागेल."

"विचार. आणि ऐक, मीठ घालू नकोस. डब्यात असतंच, गाढवा."

आईचा मसाला कशात पडतो हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल. आई, सॉरी.

त्या गुरुवारी सामानाचं हेलिकॉप्टर दुसऱ्यांदा रद्द झालं. शिल्लक होते बटाटे, कांदे आणि कॉर्न्ड बीफचे दहा डबे. दोन वीसला बटाटे उकडून झाले. स्टॅगला जाण्याआधी तयारी संपवावी म्हणून मी डबे उघडायला घेतले. सहा नीट निघाले. सातव्याची किल्ली अर्ध्यात मोडली.

अशा वेळी काय करायचं हे पहिल्या दिवशी शिकवतात. दुसऱ्या टोकाचं झाकण ओपनरने काढायचं आणि बोटांनी ठोकळा ढकलायचा. बोटं आत घालावी लागतात. मी घातली नाहीत. अर्धवट उघडलेल्या फटीत सुरी खुपसून पत्रा उचकटायला गेलो. डबा चरबीने बुळबुळीत झाला होता. तो फिरला, आणि पत्र्याची धार माझ्या डाव्या तळव्यात अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत गेली. आत पांढरं दिसलं. वेळ दोन एकेचाळीस.

मेडिक कॉर्पोरल शोना ग्लासगोची. तिने सात टाके घातले. "मूठ वळ," ती म्हणाली. वळेना. सार्जंट येऊन उभे राहिले.

"रायफल धरता येईल?"

"नो, सार्जंट."

"सँगर टू कोण घेतंय?"

"मी जातो," डॅनी म्हणाला. त्याने हेल्मेट उचललं आणि माझ्या बँडेजकडे बघून दात काढले. "डब्याने मारलं तुला. आयुष्यभर ऐकवणार मी हे. हॅश करपवू नकोस."

तीन वाजता तो वर गेला. मी एका हाताने कांदा परतायला घेतला. मग बटाटे, मग मांस, मग मसाला. मंद आच, आणि ढवळायचं नाही.

तीन चोवीसला उत्तरेकडून पहिलं रॉकेट आलं आणि भिंतीत घुसलं. लगेच मशीनगन. रेडिओवर डॅनीचा आवाज, "कॉन्टॅक्ट नॉर्थ! झाडांची रांग, तीनशे मीटर! बाकी नंतर!" त्याची गन सुरू झाली. लांब बर्स्ट, मग छोटे. दोन मिनिटांनी दुसरं रॉकेट थेट सँगरवर बसलं. पोती फुटली, वाळू पावसासारखी किचनवर पडली, आणि डॅनीची गन थांबली.

शोना पळाली. तिच्या मागे मी. मधल्या चाळीस मीटरमध्ये गोळ्या पायाजवळची माती उडवत होत्या. सँगरचं छत खाली बसलं होतं. आम्ही हातांनी पोती ओढली. डॅनी उताणा पडला होता. डावा हात कोपराखाली नव्हता. उजव्या मांडीचं हाड बाहेर आलं होतं आणि जांघेतून रक्त धारेने येत होतं. शोनाने हाताला टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, आवळलं. जांघेत टूर्निकेट बसत नाही.

"हात घाल!" ती ओरडली. "आत! दाब!"

मी डावा हात घातला. तोच जवळ होता. मनगटापर्यंत आत गेला. माझे टाके एकेक करून तुटलेले मला कळले. आत गरम होतं आणि बोटांखाली काहीतरी उडत होतं, ते मी हाडावर दाबून धरलं. दुपारी ज्या हाताला मी डब्यातल्या मांसाचा विटाळ होऊ दिला नव्हता, तोच हा हात. ती लाज तेव्हाच वाटली आणि अजून वाटते.

सार्जंट रेडिओवर मुख्य तळाशी बोलत होते. "झीरो, एक कॅज्युअल्टी, कॅट ए. हेलिकॉप्टर हवं, आत्ता." कॅट ए म्हणजे सगळ्यात तातडीची. मागे आमच्या मॉर्टरचे गोळे सुटत होते. भिंतीवरून एक जण खाली कोसळला, मग शिव्या देत उठला आणि पुन्हा वर चढला.

डॅनीने डोळे उघडले. "शेफ."

"आहे इथंच."

"गॅस बंद केलास?"

"केला."

केला नव्हता. करपल्याचा वास आम्हा दोघांनाही येत होता.

चार वाजून चार मिनिटांनी हेलिकॉप्टर उतरलं. आतल्या डॉक्टरने माझा हात उपसून काढला आणि स्वतःचा घातला. मी पळत जाऊन गॅस बंद केला. त्यानंतर पाच वीसपर्यंत लढाई चालली. मी एका हाताने गनला गोळ्यांच्या पट्ट्या पुरवल्या. झाडांमागून तिघं धावत निघाले, तिघंही पडले, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? शेवटचा हलत होता तो थांबेपर्यंत मी बघत राहिलो.

मध्येच चार पन्नासला रेडिओवर निरोप आला होता. "तुमची कॅज्युअल्टी टी-फोर." टी-फोर म्हणजे गेला.

सहाला सार्जंट किचनमध्ये आले. मी पातेल्यासमोर उभा होतो.

"जेवायला घाल त्यांना," ते म्हणाले.

चाखणारा नव्हता. मी चमचा घेतला आणि चाखलं. खाली काळं झालं होतं, वर ठीक होतं. मीठ बरोबर होतं. मी उरलेल्या सगळ्यांना वाढलं, आणि मागे जाऊन सगळं ओकलो.

ऑफिसरने डॅनीच्या आईला पत्र लिहिलं. त्यात होतं, 'त्याने जखमी साथीदाराची जागा स्वतःहून घेतली.' यातला एकही शब्द खोटा नाही.

डॅनीची आई म्हणजे जीन. आर्मी सोडल्यावर मी कॉव्हेंट्रीतच एका शाळेच्या किचनमध्ये नोकरी धरली. दर वर्षी त्या तारखेला दुपारी मी तिच्याकडे जातो आणि हॅश करतो. डॅनीच्या पत्रांमुळे ती मला शेफच म्हणते. पहिल्याच वर्षी तिने विचारलं, "तो जखमी मुलगा, वाचला ना?"

"वाचला," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी, "बरा आहे? लग्न झालं का?"

"झालं. दोन मुली आहेत."

तो मुलगा मीच, हे तोंडातून निघालं नाही. तिच्या डोक्यात गोळी लागलेला कोणी शूर पोरगा होता. तिच्या मुलाने त्याच्यासाठी जीव दिला होता. तिथं मी कॉर्न्ड बीफचा डबा कसा ठेवणार? ती दर वर्षी त्या मुलासाठी एक कार्ड द्यायची, पाकिटावर फक्त 'फॉर द लॅड', त्या पोरासाठी. "पोचव हं, लव्ह." अकरा पाकिटं. मी एकही उघडलं नाही. दर वर्षी सगळी गाडीत घालून नेत होतो, सांगायचं म्हणून, आणि तशीच परत आणत होतो.

या वर्षी जीन चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बोटं संधिवाताने वाकडी झालीत. मी गेलो तर टेबलावर डेली काउंटरच्या चकत्या.

"डब्याची किल्ली आता फिरत नाही मला," ती म्हणाली. "याचं कर."

"याचा हॅश नाही होत, जीन. वळून जाईल सगळं."

कपाटात मागे एक डबा सापडला. मी कांदा परतायला टाकला, मग टी टॉवेलची जाड घडी डाव्या हाताला गुंडाळली आणि किल्ली लावली. ती हसली.

"केवढा तो थाट! चावलाय का तुला कधी?"

"हो," मी म्हणालो. "एकदा."

"कधी?"

अकरा वर्षं मी योग्य शब्द शोधत होतो. तिने विचारलं ते इतकं साधं होतं.

"त्या गुरुवारी. दोन एकेचाळीसला. सँगर टू माझी स्टॅग होती, जीन. जखमी साथीदार मी आहे. गोळी नाही. डबा."

ती उठली आणि माझ्या तोंडात मारली. वाकड्या बोटांनी, सगळा जोर लावून. मग दुसऱ्यांदा.

"मी तुला विचारत होते," ती म्हणाली. "दर वर्षी. बरा आहे का, विचारत होते. आणि तू समोर बसून खात होतास."

"हो."

"त्याला माहीत होतं? डबा म्हणून?"

"हो. हसला तो. म्हणाला, आयुष्यभर ऐकवणार."

ती खुर्चीत बसली. तोंडावर हात धरला. रडते आहे की काय ते मला कळेना. मग म्हणाली, "हे मात्र त्याचंच. हे त्या पत्रात नव्हतं."

तिने मान वर केली. "कांदा लागतोय. हात दाखव आधी."

मी तळवा पुढे केला. वण अंगठ्यापासून मनगटापर्यंत आहे, वाकडातिकडा, कारण टाके दोनदा घालावे लागले.

"दोनदा का?"

तेही सांगितलं. हात कुठं होता ते. तिने माझा तळवा दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. तिच्या मुलाला हेलिकॉप्टर येईपर्यंत धरून होता तो हा हात, एवढंच ती बघत असावी.

हॅश झाला. मी चाखला. तिने विचारलं, "मीठ?"

"नको. डब्यात असतंच."

"कोण म्हणतं?"

"डॅनी."

आम्ही जेवलो. मी गाडीतून पाकिटं आणून टेबलावर ठेवली. तिने ती मोजली नाही, माझ्याकडे सरकवली. "तुझीच आहेत. घरी जाऊन वाच. बायकोलाही वाचू दे." मग ड्रॉवरमधून या वर्षीचं काढलं. पाकिटावर 'फॉर द लॅड' लिहिलेलं होतं. तिने ते खोडलं.

"शेफ, खरं नाव काय रे तुझं?"

"नितीन."

"स्पेलिंग सांग."

मी एकेक अक्षर सांगितलं, तिने सावकाश लिहिलं.

स्टॅनमोरच्या ताई, तुम्ही विचारलं होतं म्हणून हे सगळं. लान्स कॉर्पोरल डॅनी, कॉव्हेंट्री, वय सव्वीस. सँगर टू, दुपारी तीन ते पाच. ती स्टॅग माझी होती.