रुंद पडद्यावरचा एक शब्द

आमच्या धाकट्या दिरांइतका टीव्हीतल्या चित्राच्या मागं लागलेला माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. सत्तरी उलटली, गुडघे गेले, पण रिमोट हातात आला की हा माणूस विशीतला होतो. माझी जाऊ नातवंडं सांभाळायला बेंगळुरूला, त्यामुळे तमिळ मुलखातल्या कुंभकोणच्या घरात आम्ही दोघंच. त्यांच्या मुलानं भिंतभर टीव्ही पाठवला, माणसाच्या गालावरचा तीळ दिसेल असा. पण आमच्या केबलवरची चॅनेलं जुन्या तऱ्हेची, लहान पडद्यासाठी केलेली. ती मोठ्या पडद्यावर ताणली की धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखी दिसतात. मी म्हटलं, दिसतंय ना, पुरे. ते म्हणाले, "वहिनी, दिसणं वेगळं आणि नीट दिसणं वेगळं."

ही खोड धंद्यातली. तीस वर्षं त्यांनी नाचियार्कोविलला पितळी समयांच्या दुकानात काढली. गिऱ्हाईक समई घेऊन निघालं की हे ती उजेडाकडे धरून म्हणायचे, "इथं बघा, एक ओरखडा आहे." गिऱ्हाईक जायचं, मालक कपाळाला हात लावायचा. तीच नजर आता टीव्हीवर. शार्पनेस म्हणून काही असतं ते वाढवलं, तर बातम्या देणाऱ्या बाईभोवती पांढरी कड उमटली, जणू कुणी कातरून चिकटवलीय. शून्यावर आणलं तेव्हा बाई माणसात आली. मग चित्रातले दाणे घालवायला आणखी काही दाबलं, तर क्रिकेटचा चेंडूच नाहीसा झाला. कुणीतरी सांगितलं, लांबून पाहिलं की दोष कमी दिसतात. झालं, खुर्ची रोज हातभर मागं. आठवड्यात ती स्वयंपाकघराच्या दारात आली. मी सांबाराचं भांडं घेऊन उभी. "भावजी, आणखी सरलात तर चुलीवर बसाल."

"इथून मात्र झकास दिसतं," ते म्हणाले, आणि हलले नाहीत.

या खटाटोपाचं खरं कारण मला ठाऊक होतं. पुतणीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, लग्नाची जुनी कॅसेट त्यांनी तबकडीवर उतरवून आणली होती. त्या लग्नाआधी वर्षभर दीर आणि आमचे यजमान, दोघे भाऊ, बोलत नव्हते. चित्र चांगलं यावं म्हणून दिरांनी छपरावरच्या अँटेनाचा खांब उंच केला, वाऱ्यानं तो पडून कौलं फुटली, यजमानांनी चार शब्द ऐकवले, तेव्हापासून अबोला. लग्नात मंगळसूत्राची ताळी बांधताना केट्टिमेळम् झालं, म्हणजे नादस्वरम् आणि सगळे ढोल एकदम. नेमकं तेव्हाच यजमानांनी कॅमेऱ्याच्या बाजूला पाहून एक शब्द उच्चारला. दीर कॅमेरावाल्याच्या मागं उभे होते, त्याला शिकवत. शब्द ऐकू आला नाही. ते पुढं गेले नाहीत, न जेवता घरी आले. महिन्याभरात यजमान गेले. त्यांचा अण्णा 'ये' म्हणाला की 'जा', हे तेवढं राहून गेलं.

नव्या टीव्हीवर ओठ छान पसरलेले दिसले. "वहिनी, बघा, 'ये' म्हणाला की." दहा वेळा दाखवलं मला. पडद्यावरचा तो जाडा, चपट्या डोक्याचा माणूस माझा नवरा आहे हेच मला पटत नव्हतं. मग त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "अप्पा, ते चित्र ताणलंय. जुनं चित्र चौकोनीसारखं असतं. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या."

दोष कळल्यावर हे थांबतात थोडेच. बटण दाबलं. दोन्हीकडे काळ्या पट्ट्या आल्या, यजमान होते तसे सडपातळ झाले, आणि पसरलेलं तोंड उभं उघडलं. आ.

"जा," दीर म्हणाले. रिमोट खाली ठेवला. दोन दिवस टीव्ही लावला नाही, पानावर बसले ते नावाला.

तिसऱ्या दिवशी मीच तो व्हिडिओ त्यांना लावायला लावला आणि तिथंच थांबवायला सांगितलं. "भावजी, मांडवात कोण होतं?"

"मुलाकडचे."

"मुलाकडचे तमिळ. तुमच्या अण्णांनी उंबऱ्याबाहेर कधी मराठी तोंडातून काढलं? बाजारात मला हाक मारायची तरी तमिळमध्ये. 'जा' म्हणायचं असतं तर 'पो' म्हणाले असते, ओठ गोल झाले असते. तोंड उघडं आहे. 'वा' म्हणाले."

'वा' म्हणजे ये.

ते खुर्ची सोडून पडद्याजवळ गेले. "तुम्ही ऐकलंत?"

"नाही. त्या ढोलांत कोण ऐकतंय?"

"'वा' म्हणताना खालचा ओठ दाताला लागतो. तेवढं दिसलं असतं तर."

"जे तेव्हा चित्रात उतरलंच नाही, ते पडदा मोठा केला म्हणून कुठून येणार?"

पान मांडलेलं होतं. ते त्यावर येऊन बसले, भात कालवला, आणि खाली मान घालून म्हणाले, "बाहेर तमिळच बोलायचा, नाही?"

"तमिळच."

"वाढा आणखी."

मी वाढलं. टीव्ही तसाच चालू होता, दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे यजमान तोंड उघडून थांबलेले. घरात माझ्याशी ते मराठीच बोलत, तेही कामापुरतं. मी टीव्ही बंद करायला उठले होते. मग म्हटलं, भावजींचा भात होईपर्यंत असू दे.