येळवस आणि रिकामे घर

महादेवीबाईंची व माझी ओळख प्रौढ साक्षरता वर्गात झाली. गुरुजींनी आम्हां म्हाताऱ्यांना ‘घर’ हा शब्द लिहावयास सांगितला असता त्यांनी पाटीवर घरच काढले. दार, चूल, दारापुढचा लिंब, सर्व काही. गुरुजी हसले, त्याही हसल्या, आणि वर्ग सुटल्यावर त्यांनी मला पुढील हकीकत सांगितली. अक्षर हाती आल्यावर ती मी त्यांच्या अनुमतीने येथे मांडीत आहे.

निजामाचे राज्य होते. मुरुमजवळच्या एका खेड्यात महादेवी सून होऊन आली. घर माणसांनी असे भरलेले की, तिने उसासा टाकला तरी तीन खोल्यांतून ‘काय झालं गं?’ अशी विचारणा होई. लग्न झाल्यापासून दूध उतू जाईपर्यंतचा वेळसुद्धा ती त्या घरात एकटी राहिली नव्हती, आणि तिच्या मनाला तेवढीच एक आस लागली होती.

मार्गशीर्षातील अमावास्या म्हणजे आमच्याकडील येळवस. त्या दिवशी सारा गाव शेतात जातो, कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, उभारतो आणि पाच दगडांना चुना लावून त्यांची पांडव म्हणून पूजा करतो. त्यानंतर शेंगभाज्यांची भज्जी, भाकरी व आंबील यांवर सगळे तुटून पडतात. पूजेआधी मात्र कोणाच्या तोंडात घास जात नाही.

त्या वर्षी आदल्या दिवशी आडावर पाणी शेंदताना महादेवीचा पाय मुरगळला.

“पाय मुरगाळायला ह्योच दिस गावला व्हय गं तुला?” सासूबाई शांताक्का कडाडल्या.

“म्या काय त्याला सांगून ठिवलं हुतं का आत्या?”

“तोंड न्हाय मुरगाळलं ते तुझं!”

सकाळी तिला घरी ठेवून निघालेल्या गाड्यांचा खडखडाट वेशीबाहेर विरला. महादेवीने दाराला कडी लावली, उगाच काढली, पुन्हा लावली आणि एकटीच खदखदून हसली. तिने तव्यावरची पहिली भाकरी उभ्याउभ्याच लोण्याशी खाल्ली. सासऱ्यांच्या घोंगडीवर हातपाय पसरून ती आढ्याकडे पाहत पडली. माहेरचे कानडी गाणे तिने मोठ्याने म्हटले आणि विसरलेल्या ओळींच्या जागी घरातल्या म्हशींची नावे घातली. पायाचे दुखणे कुठे गेले, ते तिला कळलेही नाही.

मग तिची नजर शेणाने ताज्या सारवलेल्या भिंतीवर गेली. कोनाड्यात तांबडी काव होती, तव्याखाली काजळी होती, डब्यात हळद होती, आणि दाराआड चुन्याचे एक गाडगे आयतेच दिसले. उखळ पालथे घालून ती वर चढली आणि बोटांनी शेत काढू लागली. करडईची पिवळी फुले उमलली, काळी जमीन पसरली, चुन्याच्या ठिपक्यांनी ज्वारीची कणसे टच्च भरली. गाडगे रिकामे झाले तेव्हाच तिचा हात थांबला.

इतक्यात दार वाजले. सासरे महालिंगप्पा घामाघूम होऊन उभे होते.

“अगं, चुन्याचं गाडगं हितंच ऱ्हायलं बघ! समदे उपाशी बसलेत. तुझी आत्या तर पांडवाच्या आधी मलाच पुजायला निघालीया.”

महादेवीच्या तोंडचे पाणी पळाले. तिने रिकामे गाडगे पुढे केले व भिंतीकडे बोट दाखविले. आता हे घर पुन्हा आपल्या एकटीच्या हाती कोण देणार, या विचाराने तिला रडू फुटू लागले.

“मामा, खरवडून देते,” असे म्हणून ती उलथणे घ्यायला धावली.

“पाय बरा झालेला दिसायलाय!” महालिंगप्पा म्हणाले आणि भिंतीसमोर उभे राहिले. “ऱ्हाऊ दे. दाणा भरायलेली कणसं कुणी खरवडतंय व्हय? पर आमी कुठं हाओत ह्यात? माणूस एक बी न्हाय!”

“तुमी समदे कोपीच्या आत जेवायला बसलाव, मामा.”

महालिंगप्पांना हसू आवरेना. ते उंबऱ्यावर बसून पोट धरून हसले. मग त्यांनी देवघरातील विभूतीचा गोळा उपरण्यात बांधला.

“चुना न्हाय तर भस्म. यंदा पांडव बी लिंगायत!”

संध्याकाळी शांताक्का परतल्या त्या कमरेला पदर खोचूनच. “उद्या सारवते ती भिंत,” असे बजावून त्या आत गेल्या. दिवा वर धरून त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि शेवटी एवढेच म्हणाल्या, “कोपी लई बारकी काढलीस गं. आपली मोठी हाय.” ती भिंत दुसऱ्या दिवशी सारवली गेली नाही, आणि पुढेही तिला कोणी हात लावला नाही.

परंतु संध्याकाळचे हे सर्व घडण्यापूर्वी, सासरे विभूती घेऊन शेताकडे निघाले तेव्हा, महादेवीने दारात त्यांना थांबविले आणि म्हटले, “मामा, वरसातला एक दिस मला घरात एकटीला ऱ्हाऊ द्या.”