बारशाची पोळी

जायफळ घातलेल्या पुरणाचा वास आला की कऱ्हाटीतलं माझ्या लेकीचं बारसं आठवतं. गरोदरपणात मला साखर झाली होती. बाळंतपणानंतर ती उतरली, तरी दरवर्षी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, असं डॉक्टर बजावून सांगत होते. बारशाच्या पंगतीत आई वाढणारीला मोठ्यानं म्हणाली, "तिला पोळी नको, घुगऱ्याच वाढ. साखर झाली व्हती तिला." सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गेली की ती आता!" म्हणत मी पोळी घेतली, वर तुपाची धार मागितली. पुढं तपासणीचं नावच काढलं नाही. आज पाय बधिर व्हायला लागले म्हणून बारामतीला गेले, तर डॉक्टरांनी विचारलं, "गरोदरपणी साखर होती का?" शेजारी तीच लेक बसलेली, आता माझ्या खांद्याएवढी. मी खाली बघत म्हटलं, "न्हाय."