वाटीएवढं वर्तुळ

वडील घरांचे नकाशे काढायचे. निवृत्तीनंतरही त्यांना औरंगपुऱ्यातून घेतलेला जुना कॉम्प्युटरच लागायचा. मी त्यावर लिनक्सची नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, पण तिला पडद्यावर चित्र उमटवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड ओळखू येईना. पडद्यावर सगळं आडवं ताणलेलं दिसे. वडिलांनी वर्तुळ काढलं, तर ते अंड्यासारखं आलं.

"कार्ड बदलू का?" मी विचारलं.

"नाय रे, चांगलं हाय ते. बघ अजून."

शोधल्यावर कळलं, की या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, काही हौशी लोकांनी अजून जिवंत ठेवलाय. तो टाकून मशीन पुन्हा चालू केलं. वडिलांनी वाटीएवढं वर्तुळ काढलं, स्वयंपाकघरातून वाटी आणून पडद्याला लावली. कडेला कड जुळली.

"अगं, इकडं ये, लवकर!" त्यांनी आईला हाक मारली. आम्ही तिघंही हसत वर्तुळ बघत बसलो.