पंचविसावं घर

विद्यार्थी आता प्रकल्प मोबाइलवर पाठवतात. "मॅडम, जमा करायच्या आधी फक्त एक नजर टाका." अमरावतीत इतकी वर्षं शिकवतेय, पण एका नजरेत चुका सापडतात यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. त्याला दोन माणसं लागतात, एक वाचणारं आणि एक बघणारं.

माझं वाचणारं माणूस म्हणजे आई. एम.ए.ला मी अमरावतीत होस्टेलवर राहून अकोला शहरातल्या बायकांच्या श्रमांवर प्रबंध लिहिला. टाइपही गावी अकोल्यातच, आमच्या जठारपेठेतल्या ओळखीच्या टायपिस्टाकडून करून घेतला. ओळखीचा असल्यामुळे त्यानं मनसोक्त ओळी गाळल्या. ते कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुरुस्त प्रबंध अमरावतीला विभागात पोचला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं. मी रडकुंडीला आले.

"आन इकडं," आई म्हणाली. "मी तुया हातचं वाचतो, तू छापलेलं पाय."

आई दहावीपर्यंत शिकलेली. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. तिनं शिलाई मशीन झाकून ठेवली, माझे हस्तलिखित कागद मांडीवर घेतले, ओळ चुकू नये म्हणून खाली कात्री आडवी धरली आणि शाळेत धडा वाचावा तशी खणखणीत सुरू झाली. विरामचिन्हंही सोडेना. "स्त्रियांचे घरातील श्रम, स्वल्पविराम, कोणी मोजत नाही, पूर्णविराम." मला हसू आवरेना, ती मात्र गंभीर. ब्लाउज न्यायला आलेल्या बाईला तिनं दारातूनच परत लावलं. "उद्या या. पोरीचं काम चालू हाये."

किती छान गेली ती दुपार. तिचा तो आवाज मला आजही हवासा वाटतो.

मग तक्ता आला. पंचवीस कुटुंबांची माहिती भरायची होती. चोवीस घरं मी पायी हिंडून भरली. पंचविसाव्याला कंटाळा आला, म्हणून होस्टेलवर परतल्यावर खाटेवर बसल्या बसल्या आमचंच घर भरून टाकलं. आईला विचारायची गरजही वाटली नाही.

"कुटुंब क्रमांक पंचवीस," आई वाचत होती. "जठारपेठ. माणसं चार. वडील, स्वल्पविराम, सरकारी कार्यालयात शिपाई, पूर्णविराम. मोठी मुलगी, स्वल्पविराम, एम.ए. करते, पूर्णविराम. धाकटी, स्वल्पविराम, शाळेत, पूर्णविराम. आई, स्वल्पविराम, काम करत नाही."

ती थांबली. मी मान वर केली नाही.

"पूर्णविराम," ती म्हणाली, आणि कात्री एक ओळ खाली सरकवली.

"आई, हे मी बदलते."

"काहून? एक घर बदललं तं साऱ्या बेरजा बदलतीन. पुढचं पान बदलन. मंग गाडी चुकन तुई." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "राहू दे. सारेच तं असंच लिवतेत. पाय तू पुढं."

मी ते बदललं, असं आज लिहिता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. मी बदललं नाही. टायपिस्ट दुकान बंद करायच्या बेतात होता, सकाळची एस्टी पकडायची होती, आणि खरं सांगायचं तर आई रागावली नाही याचाच मला आधार वाटला. प्रबंध वेळेत जमा झाला. त्या ओळीची मला अजून लाज वाटते.

तोंडी परीक्षेत सर म्हणाले, इतका बिनचूक प्रबंध बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. घरी येऊन मी आईला तेवढंच सांगितलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला, गळ्यात टेप अडकवून, दातांत दोरा धरून ती तेच सांगायची.

"माया पोरीच्या पुस्तकात एकई चूक नाई निंगाली. मीनंच वाचून देल्लं."